कान कुठवर ऐकतो? घरात, शाळेत आणि गोठ्यात तपासायची रीत

माणसाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, हे वाक्य शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे. आवाज किती मोठा असला तर, हे त्यात येत नाही. निरोगी तरुण कानाला १,००० हर्ट्झचा सूर जेमतेम २ डेसिबलला लागतो. १२५ हर्ट्झचा सूर लागायला २२ डेसिबल हवेत. आणि २० हर्ट्झ ऐकू यायला सुमारे ७८ डेसिबल, म्हणजे वाहत्या रस्त्याच्या कडेला उभं राहिल्याइतका आवाज. म्हणून नुसता आकडा सांगणाऱ्याला आधी विचारायचं: किती डेसिबलला? माणसाचा कान असो की गाईचा, ही गोष्ट सुटली की पुढची सगळी मोजणी वाया जाते.

दुसरी गोष्ट सप्तकाची. हार्मोनियमवर एका सा पासून वरच्या सा पर्यंत गेलं की एका सेकंदातली कंपनं, म्हणजेच हर्ट्झ, दुप्पट होतात. २०, ४०, ८०, १६० असं दुप्पट करत गेलं की दहाव्या उडीला २०,००० च्या जरा पुढे पोचतो. म्हणजे माणसाचा कान दहा सप्तकांचा. कागदावर १०,००० ते २०,००० हा निम्मा पट्टा दिसतो, पण कानाच्या हिशेबात ते शेवटचं एकच सप्तक आहे. साठीतल्या माणसाला १०,००० च्या वरचं काही ऐकू येत नसेल तर त्याचं दहातलं एक सप्तक गेलं, अर्धा कान नव्हे. मोजणीचे टप्पेही याच हिशेबाने धरायचे: खाली दुप्पट-दुप्पट, वर गेल्यावर एक-एक हजाराने.

जागा आणि वेळ

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात माग चालू असताना ही तपासणी करू नये. भिंतीपलीकडचा यंत्रमागसुद्धा मधल्या पट्टीतले हलके सूर गिळून टाकतो. मागांना सुट्टी असेल तो दिवस धरा, नाहीतर पहाटे पाचच्या सुमाराला उठा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे अडचण उलटी आहे. तिथे दिवस शांत, पण दिवेलागणीनंतर रातकिडे ओरडतात. रातकिड्याचा सूर साधारण ४,००० ते ५,००० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे नेमका कान जिथे सर्वात तल्लख तिथेच. त्या गावांत दुपार बरी. जून ते सप्टेंबर कौलांवर आणि पत्र्यावर पाऊस वाजत असतो. शाळेचं विज्ञान प्रदर्शन असेल तर ही मोजणी दिवाळीनंतर ठेवा.

खोलीतला पंखा, फ्रीज, इन्व्हर्टर बंद करा. जाड गाद्या किंवा वाकळा भिंतीला टेकवून ठेवल्या तर आवाज घुमत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली छोटी खोली मोकळ्या हॉलपेक्षा कितीतरी चांगली.

सामान

एक संगणक, त्यावर ऑडेसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम, एक फोन किंवा लॅपटॉप, आणि वायरचे हेडफोन. ब्लूटूथचे नकोत. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवला जातो आणि दाबताना सर्वात आधी कात्री लागते ती वरच्या सुरांना. मग १७,००० हर्ट्झ ऐकू आला नाही तर दोष कानाचा की हवेतून येणाऱ्या त्या दाबलेल्या आवाजाचा, हे कळायला मार्ग उरत नाही. एमपीथ्री फाइल आणि व्हिडिओच्या साइटवरच्या 'तुमचा कान तपासा' फिती याच कारणाने टाकून द्या. बऱ्याचशा १६,००० च्या आसपास छाटलेल्या असतात, आणि खाली शेकडो माणसं 'मला १६ नंतर ऐकू येत नाही' असं लिहून घाबरलेली असतात.

फोनमधला इक्वलायझर, बास बूस्ट, डॉल्बी, आवाज आपोआप समतोल करणारी सोय, सगळं बंद करा.

सूर तयार करणे

ऑडेसिटी उघडल्यावर प्रोजेक्ट रेट ४८,००० ठेवा. संगणक आवाजाचे सेकंदाला जितके नमुने घेतो त्याच्या निम्म्यापर्यंतचेच सूर त्याला नीट लिहिता येतात. ४८,००० ला २४,००० पर्यंत, म्हणजे माणसाच्या कानाला पुरेसं. 'जनरेट' मेनूत 'टोन' निवडा. लहरीचा प्रकार साइन. आवाजाचा जोर ('अ‍ॅम्प्लिट्यूड') तिथे आपोआप ०.८ येतो, तो ०.१ करा. अवधी ३ सेकंद.

हे सूर बनवा: १२५, २५०, ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,०००, आणि मग १०,०००, १२,०००, १४,०००, १५,०००, १६,०००, १७,०००, १८,०००, १९,०००, २०,०००. एकूण सोळा.

आता जे काम सगळे टाळतात ते. प्रत्येक सुराचा सुरुवातीचा सेकंदाचा विसावा भाग (०.०५ सेकंद) निवडून त्याला 'फेड इन' द्या, आणि शेवटच्या तेवढ्याच भागाला 'फेड आउट'. सूर एकदम सुरू झाला की 'टक्' असा आवाज होतो. त्या टक्‌मध्ये खालपासून वरपर्यंत सगळ्या कंपनांचा भुगा असतो. पोराला १९,००० हर्ट्झ ऐकूच येत नाही, पण टक् येतं, आणि ते हात वर करतं. शाळेतल्या प्रयोगात अख्खा वर्ग २०,००० ऐकतो असा निकाल लागला तर बहुतेक वेळा हे टक् कारणीभूत असतं. सोळा सुरांना हात लावायला अर्धा तास जातो, तो जाऊ द्या.

फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारात काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. 'ऑडिओ' म्हणून पाठवलेल्या फाइलच्या आवाजाला वाटेत कात्री लागू शकते.

यंत्र तपासणे

माणसाच्या आधी हेडफोनची परीक्षा. दुसऱ्या फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं कुठलंही स्पेक्ट्रम अ‍ॅप घ्या, त्याचा माइक हेडफोनच्या तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरा, आणि एकेक सूर वाजवा. ४,००० वाजवला तर ४,००० वर एकच बारीक रेघ उभी राहायला हवी. ८,००० आणि १२,००० वरही रेघा दिसल्या तर हेडफोन किंवा फोन आवाज फाडतो आहे. आवाज कमी करून पुन्हा बघा. १८,००० वाजवताना खाली कुठेतरी वेगळीच रेघ दिसली तर तो हेडफोन बाजूलाच ठेवा, कारण ऐकणारा ती खालची रेघ ऐकून 'आला' म्हणेल.

१६,००० च्या वर रेघच दिसत नसेल तर? हेडफोन वाजवत नसेल किंवा माइक पकडत नसेल, दोन्ही शक्य. इथे एक सोपी युक्ती आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला तोच हेडफोन, त्याच आवाजावर द्या. त्याला १६,००० साफ ऐकू आला तर यंत्र ठीक आहे असं धरायला हरकत नाही. महागड्या माइकपेक्षा लहान मुलाचा कान कधीकधी जास्त कामाचा.

प्रत्यक्ष तपासणी

१,००० हर्ट्झचा सूर लावा आणि हळू बोलण्याइतका, सहज ऐकू येईल पण टोचणार नाही, असा आवाज ठरवा. ठरला की बटणाला पुन्हा हात लावायचा नाही. हा नियम मोडायचा मोह १५,००० च्या पुढे हमखास होतो: 'ऐकू येत नाहीये, जरा वाढव.' वाढवू नका. ऐकू न येणारा आवाजही कानावर पूर्ण जोराने आदळत असतो. शिवाय तुम्हाला न ऐकू येणारा १७,००० हर्ट्झ शेजारी बसलेल्या नातवाला असह्य होईल.

वाजवणारा माणूस ऐकणाऱ्याच्या पाठीमागे बसतो. ऐकणाऱ्याला पडदा दिसता कामा नये, बोटाची हालचालही नाही. दहा चिठ्ठ्या करा, पाचांवर 'सूर', पाचांवर 'रिकामी'. एका वारंवारतेसाठी एकेक चिठ्ठी उचलायची. 'सूर' आली तर वाजवायचं, 'रिकामी' आली तर तितकाच वेळ गप्प राहायचं. दोन्ही वेळा 'आता' एवढंच म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने हो किंवा नाही सांगायचं. पाच सुरांपैकी किमान चारांना 'हो', आणि पाच रिकाम्यांपैकी फार तर एकाला 'हो' आलं तरच ती वारंवारता ऐकू येते असं लिहा. नुसत्या अंदाजाने ही कसोटी पार व्हायची शक्यता शंभरात तीन-चारच आहे. रिकाम्या चिठ्ठ्या नसतील तर उत्साही पोरं प्रत्येक वेळी 'हो' म्हणणार आणि संकोची माणसं प्रत्येक वेळी 'नाही'.

दोन्ही कान वेगवेगळे तपासा. आधी ८,००० पर्यंत भराभर जा, मग वर एक-एक हजार. दहा मिनिटांनी कान आणि मन दोन्ही थकतात, तेव्हा पाणी पिऊन पाच मिनिटं थांबा. आदल्या रात्री मिरवणुकीत, जत्रेत किंवा मागावर गेलेल्या माणसाची तपासणी त्या दिवशी करूच नका. मोठ्या आवाजानंतर कान काही तास, कधी दिवसभरही, बधिर असतो. त्याचा खरा आकडा तुम्हाला मिळणार नाही.

खालचं टोक

२० हर्ट्झचा प्रयोग घरी जवळजवळ नेहमी फसतो. त्या लहरीची लांबी १७ मीटर, म्हणजे वर्गखोलीपेक्षा मोठी. फोनचा स्पीकर बोटाच्या पेराएवढा. त्यावर ४० हर्ट्झ लावला तर ४० निघतच नाही. पडदा ताणून फडफडतो आणि ८०, १२०, १६० ची फडफड ऐकू येते, अन् ऐकणारा खूश. कानात घट्ट बसणारे रबरी टोकाचे हेडफोन वापरले तर ४०-५० पर्यंत बरं काम होतं. टोक सैल बसलं की बारीक फटीतून खालचे सूर गळून जातात. बोटाने हलकेच दाबून बघा. दाबल्यावर आवाज एकदम भरला तर आधी फट होती. मोठ्या बास स्पीकरवर खोलीत प्रयोग केला तर जागा बदलून ऐका. भिंतीवरून परतलेल्या लहरींमुळे एका कोपऱ्यात गडगडाट आणि दोन पावलांवर सामसूम, असं होतं.

खालच्या सुरांची ओळख करून द्यायची तर चौकातल्या ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक फेऱ्यात दोनदा आकसतो-फुलतो, म्हणून त्याची घूं १०० हर्ट्झची असते. वरच्या सुराची घरगुती खूण एकेकाळी जुना काचेच्या नळीचा टीव्ही ही होती. त्यातून १५,६२५ हर्ट्झची बारीक शीळ निघायची. आवाज बंद असला तरी शेजारच्या घरात टीव्ही लावलाय हे पोरांना कळायचं आणि आजोबांना नाही, ते यामुळेच.

निकाल वाचणे

वरची हद्द वयाप्रमाणे उतरते. शाळकरी मुलांना १७,००० ते १८,००० पर्यंत ऐकू येणं साधारण आहे, चाळिशीत १४,००० ते १५,०००, साठीनंतर १०,००० ते १२,०००. हे आकडे ढोबळ आहेत, माणसामाणसांत फरक असतो. आतल्या कानाचा शंख दारापाशी वरचे सूर टिपतो आणि आत जात खालचे. प्रत्येक आवाज दारातूनच आत जातो, त्यामुळे दारातल्या केशपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी, आधी झिजतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कोंबड्यांत आणि इतर पक्ष्यांत उगवतात, हे १९८० च्या दशकात दिसून आलं, आणि तेव्हापासून माणसातही ते घडवता येईल का याचा शोध चालू आहे.

१४,००० वर ऐकू आलं नाही म्हणून व्यवहारात काही अडत नाही. अडतं ते २,००० ते ८,००० मध्ये. स, श, च, त, क, फ यांचा ओळखू येणारा भाग याच पट्टीत असतो, तर आ, ओ, ऊ खाली. म्हणून घरातलं म्हातारं माणूस म्हणतं, 'ऐकू येतंय रे, पण कळत नाही.' त्याला स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. याची घरगुती पारख अशी: दोन मीटरवर बसा, तोंडासमोर वही धरा म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि नेहमीच्या आवाजात एकेक शब्द म्हणा: साप, ताप, चाप, काप; सात, हात, जात. ऐकणाऱ्याने म्हणून दाखवायचा. वीसपैकी चार-पाच चुकले, त्यातही 'साप'चा 'ताप' होत असेल, तर ओरडून बोलून उपयोग नाही. ओरडल्याने 'आ' मोठा होतो, 'स' तसाच राहतो. समोर येऊन, सावकाश, उजेडात बोला.

मागावरच्या आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीतल्या कामगारांच्या तपासणीत आणखी एक खूण बघायची. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची आहे. त्या लांबीची, एका टोकाला बंद असलेली नळी ३,४०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि तो पट्टा वाढवून आत देते. म्हणूनच माणसाचा कान तिथे तल्लख, आणि म्हणूनच गोंगाटाचा मारही तिथेच बसतो. इजा पहिल्यांदा ४,००० हर्ट्झजवळ खळग्यासारखी दिसते: २,००० चांगला, ८,००० बरा, मध्ये ४,००० पडलेला. असं दिसलं तर तो म्हातारपणाचा परिणाम समजू नका.

८५ डेसिबलला आठ तास, आणि प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा, हा हिशेब लक्षात ठेवा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. मीटर नसेल तर हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय का ते बघा. लागत असेल तर ८५ ओलांडलेत. कापसाच्या बोळ्याने जेमतेम काही डेसिबल अडतात. फोमचा प्लग नीट बसवला तर वीसेक अडतात. 'नीट' म्हणजे: बोटांत वळून सुतळीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा म्हणजे नळी सरळ होते, प्लग आत सारायचा आणि अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. बाहेर अर्धा लोंबत असेल तर तो बसलेला नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवणाऱ्या पोरांनाही हेच लागू. लहान बाळांना तिथे नेऊच नये.

या घरगुती तपासणीने निदान होत नाही. दवाखान्यातली चाचणी बंद खोलीत, मोजून लावलेल्या यंत्रावर, साधारण २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंत होते. दोन कानांत मोठा फरक दिसला, कानात सतत शीळ वाजत राहिली, किंवा मूल हाकेला वळत नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. एका रात्रीत एक कान गेला तर ती तातडीची बाब आहे. मळ असेल म्हणून तेल घालत आठवडा घालवू नका. उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात.

जनावरांचे आकडे

प्राण्यांच्या कानाचे जे आकडे सगळीकडे फिरतात, त्यातले पुष्कळसे अमेरिकेतल्या टोलीडो विद्यापीठातल्या रिकी आणि हेन्री हेफ्नर यांच्या कामातून आलेले आहेत. त्यांनी जनावरांना सूर ऐकू आला की ठरावीक खूण करायला शिकवलं आणि ६० डेसिबलला कुठून कुठवर ऐकू येतं ते मोजलं. त्याच मापाने माणसाचा कान ३१ ते १७,६०० हर्ट्झ भरतो. तुलना करायची तर २० ते २०,००० हा आकडा बाजूला ठेवून हा घ्यायचा.

गाय २३ ते ३५,०००. घोडा ५५ ते ३३,५००. कुत्रा ६७ ते ४५,०००. मांजर आणखी वर जातं, पण तिचा ४८ ते ८५,००० हा आकडा ७० डेसिबलचा आहे, तो कुत्र्याच्या आकड्याशेजारी तसाच मांडू नये. हत्ती १७ ते १०,५००. मोजलेली हत्तीण आशियाई होती, म्हणजे दांडेली-खानापूरच्या जंगलात दिसणाऱ्यांच्याच जातीची. हत्ती माणसाच्या खालच्या हद्दीखाली एकमेकांशी बोलतात, हे संशोधक केटी पेन यांना १९८४ मध्ये पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हवेतल्या कंपाने लक्षात आलं. पुस्तकातला 'अवश्राव्य ध्वनी' तो हा.

लहान डोक्याच्या प्राण्याला वरचे सूर का लागतात? आवाज कुठून आला हे ओळखायला दोन कानांत पोचणाऱ्या आवाजातला फरक लागतो. डोकं लहान असलं की तो फरक फक्त आखूड लहरींतच, म्हणजे वरच्या सुरांतच, पुरेसा मोठा होतो. उंदराचं डोकं बोराएवढं, म्हणून त्याची वरची हद्द माणसाच्या चौपट. गाईला वरचे सूर ऐकू येतात, पण दिशा चांगली कळत नाही: माणूस एखाद्या अंशाचा फरक ओळखतो, गाईला सुमारे ३० अंश लागतात. म्हणून गोठ्यात मागून हाक मारत येऊ नका. तिला आवाज ऐकू येतो, कुठून ते कळत नाही, आणि ती दचकून लाथ मारते. बाजूने, तिला दिसेल असं या.

कुत्र्याची तपासणी घरी करता येते. फोन चालत नाही, तो २२,००० च्या आसपास संपतो. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७६ मध्ये केलेल्या शिट्टीच्या धर्तीची स्क्रूची कुत्र्याची शिट्टी मिळते. स्क्रू आत घेत जा, आणि शाळकरी मुलालाही फक्त फुंकर ऐकू येऊ लागली की तिथे थांबा. कुत्रा झोपेत नाही, खात नाही, नुसता बसलाय अशी वेळ धरा. फुंकणारा दहा मीटरवर, कुत्र्याला दिसणार नाही असा दाराआड. बघणारा वेगळा, त्याला कधी फुंकलं हे माहीत नसावं. तो फक्त कान हलले, मान वळली की घड्याळातली वेळ लिहितो. फुंकर आणि रिकामी पाळी दहा-दहा, मध्ये दोन मिनिटं. तोंडात शिट्टी धरून न फुंकणं हीच रिकामी पाळी. पाच-सहा वेळांनंतर कुत्रा कंटाळून वळायचं सोडतो, तेव्हा उरलेलं दुसऱ्या दिवशी करा. मुधोळ जातीचं कुत्रं असेल तर त्याची नजर आधी चुकवा. ते नजरेने शिकार करणारं जनावर, दारातली सावली हलली तरी उठतं.

उंदीर पळवणाऱ्या प्लगच्या डब्या

या घेऊ नका. ४०,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मिलिमीटर असते. ती भिंतीतून जात नाही, धान्याच्या पोत्यांमागे वळत नाही, आणि हवेतच दर मीटरला डेसिबलभर विरते. उंदराला ती ऐकू येते हे खरं, पण चार दिवसांत तो सरावतो. डास पळवणाऱ्या अ‍ॅपांचं तर विचारूच नका. २००७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने सगळे प्रयोग एकत्र तपासले, त्यात डास चावणं कमी झाल्याचा काहीही पुरावा निघाला नाही. मच्छरदाणी लावा.

वटवाघळाचा आवाज कानापर्यंत आणणे

खऱ्या श्राव्यातीत ध्वनीचा, म्हणजे माणसाच्या वरच्या हद्दीपलीकडच्या आवाजाचा, अनुभव घ्यायचा तर हा एक प्रयोग जरूर करा. पिंपळावर लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं यासाठी नकोत. ती डोळ्यांनी आणि नाकाने वाट काढतात, त्यांचा कलकलाट तर आपल्याला ऐकू येतोच. दिवेलागणीला रस्त्यावरच्या दिव्याभोवती गिरक्या घेणारी छोटी किडेखाऊ वटवाघळं हवीत. त्यातली बरीचशी ४०,००० हर्ट्झच्या वर हाका मारतात.

सेकंदाला ३,८४,००० नमुने घेणारा रेकॉर्डर लागतो. ऑडिओमॉथ हा त्यातला एक, किंवा फोनला जोडायचा श्राव्यातीत माइक. सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांनी सुरू करा, पाऊण तास पुरतो. रेकॉर्डर काठीला बांधून डोक्याच्या वर धरा, भिंतीपासून तीन मीटर दूर. एलईडी दिव्याच्या अगदी खाली उभं राहू नका. त्याच्या आतल्या सर्किटची गडबड आलेखावर सरळ आडवी रेघ बनून दिसते. हातातल्या किल्ल्या, प्लास्टिकची पिशवी, सुकी पानं, हे सगळं श्राव्यातीत आवाज करतं, तेव्हा स्तब्ध राहा.

घरी येऊन फाइल ऑडेसिटीत उघडा, ट्रॅकच्या मेनूत रेट ३,८४,००० चा ३८,४०० करा, आणि वाजवा. आवाज दहापट सावकाश आणि दहापट खाली येतो; ४५,००० चा ४,५०० होतो. आधी सुटे टप्पे ऐकू येतील: टिव्‌... टिव्‌... टिव्‌. मग अंतर कमी होत जातं आणि शेवटी 'टर्रर्र'. वटवाघळाने किडा हेरला आणि झेप घेतली, तो क्षण तो. शोधताना सेकंदाला दहाएक हाका, झडप घालताना दोनशेच्या घरात. टर्रनंतर क्षणभर शांतता आली की तोंड किड्यापर्यंत पोचलं असं समजा. काहीच मिळालं नाही तर बहुतेक वेळा नमुन्यांचा वेग कमी ठेवलेला असतो. ९६,००० ला ठेवला तर ४८,००० च्या वरच्या हाका एकतर गळतात, नाहीतर उलट्या घडी पडून खोट्या जागी दिसतात.

खानापूर तालुक्यात हा प्रयोग करणाऱ्यांनी एक सीमा पाळायची आहे. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांत रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ राहतं. त्याचं शास्त्रीय वर्णन १९१३ मध्ये झालं आणि पुढची कित्येक दशकं साऱ्या जगात त्याचं घर म्हणून हीच जागा माहीत होती. मेघालयात आणि कंबोडियात ते फार उशिरा सापडलं. कायद्याने त्याला सर्वात वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय अभयारण्यात जाऊ नका, आणि परवानगी असली तरी रेकॉर्डर घेऊन गुहेत शिरू नका. विजेरीच्या उजेडाने आणि माणसांच्या वावराने अख्खी वसाहत छताला सोडून उठते, पिलं खाली पडतात. जांबोटीच्या नाक्यावरचा दिवा आवाज ऐकायला पुरेसा आहे.